त्या बाईंनी पाव पोचवला का?

दि. ९ मार्च, सोमवार
सकाळ

प्रिय बारके,

सलाम. तुला, आईला आणि तुझ्या त्या खडखडणाऱ्या शिवणयंत्रालाही. माझी तब्येत बरी आहे, घसा सोडून; परवाच्या अधिवेशनात दोन तास बोलले. इथला जिना अजून तुटकाच आहे आणि घरमालक अजून 'बघतो' म्हणतोय. झाली ख्यालीखुशाली. आता भांडू या.

तुझं पत्र मिळालं. येत्या रविवारी आपल्या चर्चच्या मंडळीचा वर्धापनदिन आहे, बोलायला ये, पण प्रभुभोजनाचा पाव आईच्याच हातचा असेल. तो खायचा नसेल तर येऊ नकोस! हे तू मला लिहितेस? जिच्या वेण्या मी घातल्या, जिला मी पहिली प्रार्थना शिकवली, ती मला देवाच्या मेजावर यायच्या अटी घालते? शाब्बास! आणि वर पाळकसाहेबांनी बेकरीचा पाव परत पाठवला म्हणून आनंद कळवतेस. सगळी मंडळी तुझ्या बाजूची. मी एकटी दुष्ट.

तीस वर्षं मी व्यासपीठावरून सांगत आले की देवाला उरलंसुरलं, कसंतरी केलेलं देऊ नका. मग माझ्याच आईच्या पावाला वेगळा नियम लावू? डिसेंबरात तो तुकडा तोंडात घातला आणि जीभ सोलवटली. इतकं मीठ! आजूबाजूला पाहिलं तर साठ माणसं डोळे मिटून मुकाट चावतायत. मागच्या बाकावर पोस्टमन बायकोच्या कानात म्हणाला, "आज तीनदा गं." आणि ती हसली. मला वाटलं, माझ्या आईची टिंगल चाललीय. त्याच संध्याकाळी मी कमिटीला पत्र लिहिलं की यापुढे पाव बेकरीतून आणा. आईच्या अब्रूसाठी लिहिलं.

आता तू तीन महिन्यांनी उलगडा करतेस! म्हणे, आई आधी मीठ घालते, मग पीठ मळता मळता मंडळीतल्या एकेका घराचं नाव घेऊन प्रार्थना करते. मध्येच कुठवर आली ते विसरली की पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे मिठापासून. त्यामुळे पाव जितका खारट, तितक्या वेळा सगळ्यांसाठी प्रार्थना झाली, हे मंडळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. "तुला कुणी सांगितलं नाही," तू लिहितेस, "कारण तू विचारलंच नाहीस ताई. तू सरळ फर्मान काढलंस."

अगं मग मला हलवून सांगायचं होतंस! माझ्या तोंडावर हात ठेवायचा होतास! माझ्या तोंडाच्या तोफेला घाबरलीस म्हणे. लहानपणी माझ्या पाठीत गुद्दे घालताना नाही घाबरलीस ती?

हे तीन महिने दर शनिवारी आई हात धुऊन टेबलापाशी उभी राहिली, आणि तू "पीठ संपलंय" असं खोटं सांगत राहिलीस. ती रिकाम्या टेबलावर तळवे फिरवत नावं घेत राहिली. हे माझ्यामुळे झालं, असं तू लिहिलंस. बरोबर लिहिलंस. तरी राग आला. खऱ्या गोष्टीचा जरा जास्तच येतो.

आणि पत्राच्या शेवटी ती ओळ. "आई रोज विचारते, त्या बाईंनी थोरलीला पाव पोचवला का? कुठल्या बाई, काही कळत नाही. तुला काही ठाऊक आहे का?"

याचं उत्तर मी देणार नाही. मला कामं आहेत.

तुझी ताई


दुपार

पाकीट चिकटवलं होतं. पेटीत टाकायला खालपर्यंत गेले आणि परत आले. आता फाडून पुढं लिहितेय. हसू नकोस.

त्या डिसेंबरच्या रविवारी माझ्या भाषणाचा विषय तुला आठवतो? मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढराला नावानं ओळखतो. काय बोलले होते मी! लोक रडले. उपासना संपली, तू भांडी विसळायला मागं गेलीस, आणि आई माझ्याकडे आली. रुमालात गुंडाळलेला छोटा पाव तिनं माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "बाई, फार छान बोललात हो तुम्ही. तुमच्या शहरात माझी थोरली असते. तीही अशीच बोलते. तिला एवढं पोचवाल का?"

मी म्हणाले, "पोचवते."

अहोजाहो केलं गं तिनं मला.

बसस्थानकावर मी तो पाव कचऱ्याच्या डब्यात टाकला. रुमालासकट. ती बाई मी आहे बारके. मीठ जास्त झालं म्हणून मी चिडले नव्हते. कमिटीला पत्र लिहिलं तेव्हा माझ्या हाताला त्या रुमालाचा वास येत होता. आईच्या अब्रूचं मी वर जे लिहिलंय ते खोडत नाही, तसंच राहू दे. माणूस किती सफाईनं खोटं बोलतो ते तुलाही दिसू दे.

तेव्हापासून मी देवाशी नीट बोललेले नाही. व्यासपीठावरून बोलते, ते वेगळं. एकटी असले की भांडते. देवा, तुझ्या नावानं गावोगाव घसा फोडला, आणि तू माझ्याच आईच्या डोक्यातून मला पुसलंस? उत्तर दे! तो गप्प. मला वाटलं, त्याच्याकडे उत्तर नाही.

आत्ता जिन्यात तुझं पत्र पुन्हा वाचलं. सकाळी रागात एक वाक्य मी ओलांडून गेले होते. तू लिहिलंयस, "आणि ताई, दरवेळी पहिलं नाव तुझं असतं. बाकीची घरं मागंपुढं होतात, कधी गळतात. मीठ घातलं की तुझं नाव. त्यात ती कधी चुकत नाही."

मी त्या तुटक्या पायरीवर बसले. घरमालक विचारायला लागला, "पडलात की काय?" म्हटलं, "हो."

म्हणजे त्या दिवशी तिनं तीनदा माझं नाव घेतलं होतं. माझ्या तोंडात ते होतं आणि मी तक्रार केली.

राग गेलेला नाही. आईच्या आजारावर आहे, तुझ्या गप्प बसण्यावर आहे, त्या हसणाऱ्या पोस्टमनीणबाईवर उगाचच आहे, आणि स्वतःवर तर विचारूच नकोस. देवावरही आहे, पण आता त्याच्याशी तोंडावर भांडता येईल. त्यानं उत्तर दिलं होतं, मीच थुंकून टाकलं.

पाळकसाहेबांना सांग, रविवारी भाषण दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी तिसऱ्या बाकावर बसेन. शनिवारी सकाळीच पोचते. आईला पीठ दे, मीठ दे, आणि मध्ये टोकू नकोस. दहादा विसरली तरी नाही.

तिनं आज पुन्हा विचारलं तर खरं सांग. त्या बाईंनी पाव पोचवला नाही. त्यांना लाज वाटतेय आणि त्या माफी मागायला येतायत. आणखी एक पाव माझ्या हातात द्यायला सांग. या वेळी नक्की पोचवते.

आईची थोरली,
आणि तीच ती बाई