लाल गाडीचा स्विच

अण्णा, तुमच्या लाल गाडीचा चावीचा स्विच मी काल बदलला. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. खोडदच्या या घरात आता मी एकटीच असते. दिवसभरात असं काही बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय. दर रविवारी मी गाडी सुरू करून अंगणात चार हात पुढंमागं घेत असे, तुम्ही शिकवलंत तशी: चावी अंगठ्यानं वर उचलून धरायची, मग फिरवायची, आणि इंजिन लागलं तरी हात काढायचा नाही. या दिवाळीपासून तीही युक्ती चालेना. पुण्याला धाकट्याशी फोनवर हे बोलून बसले, तर तो म्हणाला, "ताई, किती वर्षं धूळ पुसणारेस तिची? रविवारी टेम्पो पाठवतो, भंगारवाल्याशी बोललोय मी." मी विचारलं, "आणि त्याच्या आत सुरू झाली तर?" तो हसला. "झाली तर राहू दे." तुमचे कपडे वाटून टाकले, सायकल कुणीतरी मागून नेली. तुमच्या हाताची सवय असलेली एवढी एकच वस्तू घरात उरली आहे, आणि ती मला जाऊ द्यायची नव्हती.

आपल्या गावच्या रेडिओ दुर्बिणीवर, अँटेनांच्या ज्या वर्कशॉपात तुम्ही कामाला होतात, तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांची ही दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी तुम्ही घरी आणलीत, तेव्हा अर्धा गाव बघायला जमला होता. "राव, हिच्यात कांद्याची एक गोण तरी बसंल का?" असं कुणीतरी विचारलं. आई वाकून आत बघून म्हणाली, "हिच्यात बसायचं का निजायचं?" त्याच उन्हाळ्यात तुम्ही शेवटचा बैल विकला होता आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. त्याच्या गळ्यातली पितळी घंटा मी लपवून ठेवली होती, मोठ्या लिंबाएवढी, चांगली वजनदार. ती मी गाडीच्या चावीला बांधली आणि म्हणाले, "आता हाच आपला बैल." तुम्ही घंटा तळहातावर तोललीत, माझ्याकडं पाहिलंत आणि नुसतं "बरं" म्हणालात. पेट्रोलच्या इंजिनाची ठिणगी अँटेनाला ऐकू जाते, म्हणून कामावर जाताना तुम्ही अलीकडच्या उतारालाच गाडी बंद करायचात आणि पुढचं अंतर ढकलत न्यायचात. अजून दिसता तुम्ही मला. एक हात स्टिअरिंगवर आहे, खांदा दाराला लावलाय, आत घंटा वाजतेय, आणि शेतातली माणसं काम थांबवून हसतायत.

मंचरचा तो दिवस मात्र आठवू नये असा. शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आणि ऐन हायवेवर गाडी बंद पडली. मागं कांद्याचे ट्रक, सगळे एका सुरात हॉर्न देतायत, आणि मी इस्त्रीच्या साडीत घामानं भिजलेय. मी भर रस्त्यात तुमच्यावर ओरडले, "लोकांच्या अँटेना दुरुस्त करता आणि स्वतःच्या गाडीचा एक स्विच होत नाही तुमच्याच्यानं? नुसती लाज आणता!" तुम्ही खाली उतरलात आणि म्हणालात, "तू हिकडं बस. चावी वर उचलून धर, मी ढकलतो." ती जागा मला मिळाली नाही. पुढं कितीतरी वर्षं, काहीही बिनसलं की मी तुम्हाला तो स्विच ऐकवत राहिले.

परवा मंचरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. आता असा स्विच निघत नाही म्हणे. दुकानदारानं "चावी बघू" म्हटलं, म्हणून मी पिशवीतून ती काउंटरवर ठेवली. घंटा वाजली, गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "ताई, बैल कुठं बांधलाय?" त्यानं विचारलं आणि सगळे हसले, मीही हसले. मग चावी हातात घेऊन तो म्हणाला, "पर एवढं वजन लटाकल्यावर स्विच कसा टिकंल हो? आतलं झिजणारच. लई दिवस टिकला म्हणायचा." चावीचं कुलूप तेच ठेवून त्यामागचा स्विच तेवढा बदलता येईल, असं सांगून त्यानं दुसऱ्या एका गाडीचा जुळणारा स्विच शोधून दिला. तिथंच मला आठवलं. धाकट्यानं लुनाच्या चावीला चार किल्ल्यांचा जुडगा अडकवला होता, तेव्हा तुम्ही त्याला केवढं रागावला होतात! "गाडीच्या चावीला वजन लावायचं न्हाई. स्विच खातंय ते." म्हणजे तुम्हाला माहीत होतं, अण्णा. घंटा हातात तोललीत तेव्हाच माहीत होतं. नवा स्विच बसवायचा तर आधी घंटा काढावी लागली असती, आणि का काढली ते मला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तुम्ही माझी बोलणी खाल्लीत. फार वाईट वाटलं मला, आणि तुमचा रागही आला.

काल सकाळी बॅटरीची वायर सोडली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. सगळ्या वायरी एकदम काढायच्या नाहीत, जुन्यावरची एक सोडायची आणि तीच लगेच नव्यावर लावायची, ही तुमची पद्धत. त्यामुळे कुठंही चुकलं नाही. जुना स्विच उघडून पाहिला, आतली पट्टी एकाच बाजूनं झिजली होती. घंटेची गाठ काही सुटेना, शेवटी ब्लेडनं कापली. मग नुसती चावी लावून फिरवली. इंजिन लागलं. हात सोडला तरी चालू राहिलं. अंगठा आपला सवयीनं चावीखाली गेला होता, तिथं त्याला काही काम नव्हतं.

धाकट्याला फोन करून आवाज ऐकवला. "भारी! राहू दे मग," म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून त्यानं फोन ठेवला. आता आणखी कुणाला दाखवावं ते सुचेना.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं कबूल करते. इंजिन तसंच चालू ठेवून मी उतरले, वळसा घालून पलीकडं गेले आणि तुम्ही चालवायचात तेव्हा मी बसायचे त्या डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. बराच वेळ बसले. शेजारच्या मावशी कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "का गं, अशी का बसलीस? कुनी यायचंय का?"

"नाही हो, बॅटरी चार्ज करतेय," मी म्हणाले.

बॅटरी परवाच नवी आणली होती, अण्णा.