आखरावरचं दुसरं वाक्य

प्रिय कैलाश,

अक्षर ओळखलंस तर पत्र लगेच फाडू नकोस. तुझ्या बहिणीने, दुर्गेश्वरीने, पत्त्याबरोबर फोन नंबरही दिला होता. पण माझा आवाज ऐकताच तू फोन ठेवून दिला असतास. कागद फाडायला निदान दोन हात लागतात, तेवढ्यात माणूस चार ओळी वाचून जातो. बावीस तारखेला दिवाळीचा पाडवा आहे आणि त्याआधी हे तुला दुर्गला मिळायलाच हवं, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. एकतीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता पोस्टमनने पळत यावं असं म्हणतो, यावरून तिलकभाऊ अजून तसाच उतावळा आहे हे तू ओळखलंच असशील.

मागच्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. फुलचूरला लेकीकडे, भूमेश्वरीकडे, पंधरा दिवस राहिलो. तिची मुलगी प्रेरणा सातवीत आहे. डोळ्यात थेंब टाकायचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं आणि थेंबाची वेळ पाच मिनिटं टळली तरी मला हेडमास्तरासारखी दटावायची. डॉक्टरांनी थोडा टीव्ही बघायला परवानगी दिली, त्या दिवशी तिने विचारलं की आबा, नव्या डोळ्याने पहिला सिनेमा कोणता बघणार? माझ्या तोंडून निघून गेलं, टोप्यावाल्यांचा. हजारो गाई, एक नदी, पांढऱ्या मिशीचा म्हातारा. नाव मला तेव्हाही वाचता आलं नव्हतं. पण त्या पोरीने एवढ्यावरून तो शोधून काढला रे!

तुला तो सिनेमा आठवतच असेल. गोंदियाला सकाळच्या खेळाला गेलो होतो, केशोरावांची सायकल मागून, डबलसीट. इंग्रजी कोणाच्या बापाला कळत होतं, पण ढोरं कळत होती. म्हातारा हजारो गुरं घेऊन रेल्वेच्या गावाकडे निघालेला असतो, महिनोन् महिने धूळ, तहान, आणि वाटेत ती नदी. मागून चाबूक कडाडतात, घोडेस्वार आरोळ्या ठोकतात आणि सगळा कळप पाण्यात उडी घेतो. माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे म्हातारा जवळची वाट धरण्याचा हट्ट करतो आणि वाळूच्या वादळात अर्धी गुरं गमावतो. मालकांसमोर मात्र बोट दाखवतो ते त्याच्याबरोबरच्या तरुण स्वाराकडे. नेमकं तिथेच आपल्याला उठावं लागलं, कारण केशोरावांना बाराच्या आत सायकल हवी होती. घरी येईपर्यंत आपण शेवटावर भांडलो. तू म्हणालास, म्हातारा शेवटी कबूल करेल. मी म्हणालो, हिरो कधी कबूल करत नसतो. एक किलो जिलेबीची शर्त लागली आणि तशीच राहिली.

त्यानंतर मी काय काय सोंगं केली ते आठवून आता हसू येतं, आणि हसताना लाजही वाटते. ताग वळून चाबूक केला. बैल पाण्यावर नेताना तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारायचो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर तेव्हाचा मी बघायला हवा होता. तू मात्र उदारामच्या मागे मागे फिरायचास. गावची ढोरं राखणारा तो म्हातारा गायकी, ना टोपी ना घोडा, कमरेला पंचा आणि हातात ढोरं वळवायची तुतारीची काठी. तुला त्याच्यात काय दिसायचं ते मला कळायचं नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात गावची साठेक जनावरं सालेकशाच्या जंगलात चराईला ठेवली होती. ती परत आणायच्या वेळी उदारामला ताप भरला म्हणून आपण दोघं गेलो. मी एकोणतीसचा, तू तेवीसचा. निघताना त्याने खाटेवरूनच सांगितलं, बापू हो, नदीवर ढोरं हाकलाची नाही. चांदी गाईचा वासरू खांद्यावर घ्या आनं पुढं चाला, माय मागं येते, मायच्या मागं सारा कळप येते. मी मान डोलावली आणि विसरलो. तू विसरला नाहीस.

वाघ नदीवर पोचलो तेव्हा वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि पाणी गढूळ होऊन चढत होतं. तू चांदीचं वासरू खांद्यावर घेतलंस आणि पाण्यात शिरलास. चांदी हंबरत मागे आली, तिच्यामागे एकेक जनावर, रांग लागल्यासारखं. पण ते सगळं फार हळू चाललं होतं. माझ्या पुढ्यात अजून निम्मी ढोरं आणि पाणी गुडघ्यावरून मांडीवर. मी घाबरलो. खरं सांगतो, तेव्हा मला उदाराम आठवला नाही, तो सिनेमा आठवला. मी चाबूक ओढला, आरोळी ठोकली. मागची ढोरं बुजली, पुढच्यांवर चढली, उताराची जागा सोडून खालच्या डोहाकडे रेटली गेली. सात जनावरं गेली. त्यात ऐन मशागतीच्या तोंडावर केशोरावांची बैलजोडी. तू पलीकडच्या काठावर वासरू खाली ठेवत होतास, तू काही पाहिलं असशील नसशील. आवाज तरी ऐकलास.

आणि मग आखर. जिथे रोज सकाळी गावची ढोरं जमतात तिथेच त्या दिवशी माणसं जमली. केशोरावांनी विचारलं, काऊन झालं असं? मी म्हणालो, मी मागं होतो, कैलाश आधीच पार झाला होता. कैलाश, त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी फक्त तिथे थांबलो. लोकांनी पुढचं आपापलं जोडलं. तू माझ्या तोंडाकडे बघत उभा होतास, भाऊ आता पुढचं सांगेल म्हणून. किती वेळ उभा होतास रे! मी खाली बघितलं. मग सावित्रीकाकी पुढे झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, जनावर सोडून पळते तो माहा पोरगा नोहोय. स्वतःच्या आईने तोंड फिरवल्यावर तू कोणाला काय सांगणार होतास? चौथ्या दिवशी तू गेलास.

दुर्गेश्वरी म्हणते, दुर्गला तुझी चाळीस म्हशींची डेअरी आहे. ऐकून बरं वाटलं. मग हेही मनात आलं की ढोरं सोडून पळालेला म्हणून ज्याला गावाने हाकललं, तो आयुष्यभर ढोरांतच राहिला, आणि मी त्या जूननंतर एक बैल पाळला नाही. ट्रॅक्टर घेतला. लोक म्हणायचे, तिलक मोठा सुधारक.

काकीचं तुला कोणी सांगितलं नसेल, कारण हे फक्त समोरच्या घरातूनच दिसतं. पाडव्याला आपल्याकडे घरोघरी गाईला सुपातून खिचडी चारतात. काकीने तू गेल्यापासून एकदाही चारली नाही. तिचं म्हणणं, ज्या मायनं असा पोरगा पैदा केला तिच्या हातचा गाईनं काऊन खावा? दर पाडव्याला नवं सूप सारवून ठेवते, नव्या धानाचे तांदूळ आणि डाळ त्यात घालते आणि शेजारच्या नंदाबाईकडे नेऊन देते. मग दार लावून घेते. मी माझ्या ओसरीवरून एकतीस पाडवे हे बघितलं आहे. दर वर्षी वाटायचं, आज जाऊन सांगावं. दर वर्षी आमच्या घरची खिचडी व्हायची, माणसं यायची, आणि राहून जायचं.

तर तो सिनेमा. शेवट बघितला बरं का. म्हातारा रेल्वेच्या गावात पोचतो, लोक त्याची पाठ थोपटतात, तो टोपी डोक्यावर चढवतो आणि निघून जातो. कबूलबिबूल काही नाही. शर्त मी जिंकलो, कैलाश. प्रेरणा म्हणाली, आबा, याने सांगितलंच नाही ना कोणाला? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग त्या दुसऱ्याला सगळे वाईटच समजत राहिले? आणि तिने डोळ्यात थेंब टाकायला माझं डोकं मागे केलं. मी रडतो आहे हे तिला थेंबांमुळे कळलं नाही, तेवढंच बरं झालं.

परवा गावी आलो तो पिशवी घेऊनच काकीकडे गेलो. ती अंगणात सूप सारवत होती. अठ्ठ्याहत्तरची झाली आहे, पण हात अजून चालतो. मी अंगणाबाहेर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चाबूकसुद्धा. तिने एवढंच विचारलं, वासरू त्याच्या खांद्यावर होता? मी हो म्हणालो. म्हणाली, मंग तो पळून नाही राहिला होता, नेऊन राहिला होता. तिने सूप खाली ठेवलं आणि शेणाचे हात तसेच तोंडावर ठेवून रडली. मी पुढे झालो तर म्हणाली, तू आंगनात पाय ठेवू नोको. तू आखरावर अर्धा बोलला, आता आखरावरच पुरा बोल. आनं कैलाशले लिव, पाडव्याले ये म्हनावं, यंदा खिचडी मी त्याच्याच हातानं चारतो.

म्हणून हे पत्र. पाडव्याला सकाळी ढोरं रंगवून आखरावर आणतात तेव्हा सारं गाव तिथे असतं. केशोरावही आहेत, कानाने कमी ऐकतात, त्यांच्यासाठी मोठ्याने बोलेन. तू आला नाहीस तरी बोलणार आहे, काकीला शब्द दिला आहे. पण तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरी येऊ नकोस, खिचडी चारून संध्याकाळच्या गाडीने परत जा. फक्त त्या दिवशी जिथे उभा होतास तिथे एकदा उभा राहा आणि माझ्या तोंडाकडे बघ. या वेळी मी खाली बघणार नाही. जिलेबी मी आणून ठेवतो, शर्त तू जिंकलास.

अजूनही म्हणू देशील तर, तुझाच
तिलकभाऊ