सांध्यात हरवलेलं विमान

अणदूर,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय दादास,
हर्षालीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तूर फुलावर आली आहे, आईचा गुडघाही सध्या कुरकुरत नाही. आण्णा मात्र रोज विचारतात, "लई सुट्टी दिली गं विमानतळवाल्यांनी?" मी खंडोबाच्या यात्रेवर ढकलते. सुट्टी सक्तीची आहे हे त्यांना माहीत नाही. तुला आहे.

विमानांना उतरायची-उडायची परवानगी देण्यासाठी तू आखलेली ती नवी खोली झकास आहे, वादच नाही. जिने नाहीत, ऊन नाही. काचेच्या मनोऱ्याऐवजी बाहेर कॅमेऱ्यांचा एक खांब आणि आत भिंतभर पडद्यांवर अख्खा विमानतळ. उद्घाटनाला तू म्हणालास, "आता मनोरा हवाच कशाला?" तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. भाऊ कुणाचा!

पण दादा, जुन्या मनोऱ्यात काचांमध्ये खांब आहेत ना, त्यांच्यामागं विमान गेलं की आम्ही मान वाकडी करायचो आणि ते दिसायचं.

त्या दिवशी करिश्मा ही शिकाऊ पोरगी पहिल्यांदाच एकटी उडून उतरली आणि तिचं विमान धावपट्टीवरच बंद पडलं. तेही नेमकं तिथं, जिथं तुझ्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं जोडली आहेत. घाबरून ती रेडिओवर बोललीच नाही. त्या सांध्यात ते गडप झालं आणि मला पट्टी रिकामी दिसली. सवयीनं मान वाकडी केली, पण पडद्यापुढं मान मोडून घेतली तरी काय दिसणार? मी मागच्या विमानाला उतरायची परवानगी दिली.

जुना मनोरा अजून चालू होता म्हणून निभावलं. तिथून बिभीषणकाका फोनवर ओरडले, "हर्षाली, पट्टीवर इमान हाय! दुसरं उतरू देऊ नको!" मी रेडिओवर ओरडून परवानगी मागं घेतली आणि ते दुसरं विमान तिच्या डोक्यावरून वर निघून गेलं.

आणि संध्याकाळी तुझा फोन. "नजर चुकली म्हणून सांग. तुला नुसती ताकीद मिळेल, माझं सगळं काम जाईल." मी गप्प राहिले. तू तो होकार समजलास.

दुसऱ्या दिवशी करिश्मा पेढे घेऊन आली. "मॅडम, तुम्ही होता म्हणून वाचले." पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. तुझा मला फार राग आला, दादा. अजून आहे.

सोमवारी चौकशीत मी त्या सांध्याबद्दल सांगणार आहे. त्याआधी तू स्वतःहून सांगितलंस, तर तुझ्या शेजारी उभी राहीन. आण्णांनाही मीच समजावीन. नाही सांगितलंस, तरी मी बोलणारच. एक तारखेला जुना मनोरा बंद होतोय आणि बिभीषणकाका घरी बसतायत. मग ओरडायला कुणीच नसेल.

रविवारपर्यंत फोनची वाट बघते.

सोमवारनंतरही तुझी धाकटी बहीण राहू इच्छिणारी,
हर्षाली