पाठपोट चिठ्ठी

प्रिय धाकटे,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. राखाडी लोकरीच्या लडी, यांच्यासाठी घशाच्या गोळ्यांचे दोन डबे, तुझ्या जुन्या कोटाची दणकट बटणं, आणि सगळ्यांत खाली टॉवेलात गुंडाळलेलं आईचं गीतांचं पुस्तक. दोरी न कापता सोडली, कागदही घडी घालून ठेवला. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनने वर पैसे मागितले. तेवढ्यात आमचं तीन दिवसांचं दूध आलं असतं. मी म्हटलं, अरे, साध्या पाकिटाचे घेतोस तेवढेच घे की. तर म्हणतो, बाई, घासाघीस तुमच्या बहिणीशी करा, मी नुसता ओझ्याचा धनी. दिले, काय करते. गोळ्या यांना आवडल्या. लोकर छान मऊ आहे, यांचा मफलर होऊन तुझे हातमोजेही त्यात बसतील. पुस्तकाचं मात्र शेवटी लिहिते.

आधी बातमी. डॉक्टरीणबाईंनी यांचा अखेरचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून म्हणाल्या, घसा स्वच्छ आहे, आता मला तोंड दाखवायला येऊ नका, वर्षाने या. ऑपरेशन पार पडल्याचं चार ओळींचं कार्ड तुला टाकलं होतं तेवढंच. हे कळवायला मी धावत पोस्टात जायला हवं होतं. पण आठवडाभर पेन हातात घेते आणि ठेवते. आनंदाची बातमी लिहायला हात जड व्हावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. का, ते तुला वेगळं सांगायला नको. तुझे मास्तर जाऊन वर्ष झालं आणि माझे घरी परत आले, ही दोन वाक्यं एका कागदावर शेजारीशेजारी कशी लिहू ते कळेना. लिहिली बघ शेवटी.

दुखण्याचं मी तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं. तुझ्या दारात एक दुःख बसलेलं असताना माझं आणखी एक नेऊन कुठे बसवू? तर सुरुवात आवाज बसण्यापासून झाली. तुला यांचा आवाज माहीत आहे. दिवसभर कारखान्यात लेथच्या घरघरीवर बोलून बोलून कमावलेला. रविवारच्या उपासनेला देवळात गाणाऱ्यांच्या मागच्या बाकावर बसून हे खर्ज लावायचे तेव्हा बाकाची फळी थरथरायची. मास्तर म्हणायचे, भाऊजी गात नाहीत, पाया खणतात. तोच आवाज फाटायला लागला. आधी सर्दी म्हटलं, मग काढे झाले, मग डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि दार लावून घेतलं. गाठ आहे, काढावी लागेल, आवाज राहीलच असं नाही. यांनी काय विचारावं? बाई, शाफ्ट वाचवून नुसतं बेअरिंग काढता येणार नाही का? त्याही खमक्या. म्हणाल्या, प्रयत्न करीन, पण तुमचं मशीन जुनं आहे आणि तुम्ही ते चालूच ठेवून मला दुरुस्त करायला सांगताय.

तिथे हसले आणि घरी येऊन हट्टाला पेटले. ऑपरेशन नाही म्हणजे नाही. आवाज काढून घेऊन मला काय कपाटात शोभेला ठेवणार आहेस, म्हणाले. मी रडले, रागावले, अबोला धरला. पण मुळात बोलतच नसलेल्या माणसाशी अबोला धरून काय साधणार? देवळात यायचे ते मागच्या बाकावर न बसता माझ्याशेजारी बसायचे, पुस्तक मिटून. आमच्याकडे यांची प्रार्थना झाल्याशिवाय ताटावरचं झाकण निघत नाही, तुला ठाऊकच आहे. तीही बंद झाली. हे ताटाकडे बघत बसायचे, मी मनातल्या मनात दोन शब्द पुटपुटायचे आणि झाकण काढायचे. अन्न खाली उतरत नसे. चवही कळत नसे.

माझी प्रार्थना तरी कसली चालली होती म्हणतेस? मी पडले हिशेबी बाई. देवाशीही मी तेच केलं. चहातली साखर सोडली आणि सांगितलं, बघ, सोडली. मग दुपारचं जेवण सोडलं. मग वाटलं, तो म्हणेल, ही नाहीतरी वाचवतच असते, यात त्याग कसला? म्हणून आवडीचा चहाच सोडला. रोज पहाटे गुडघे टेकायचे आणि उठताना मन असं व्हायचं, की बाजारात तासभर भाव करूनही भाजीवाली ऐकत नाही तेव्हा होतं तसं. पिशवी रिकामी आणि डोकं तापलेलं. शांती, शांती म्हणून लहानपणापासून ऐकलं, पण ती अमुक इतकं दिल्यावर मिळते, अशीच माझी समजूत असावी. नाहीतर मी इतक्या वस्तू सोडत बसले नसते.

मग तो रविवार आला. मास्तरांच्या वर्षाच्या स्मरणाआधीचा. आमच्या देवळात दाराशी पेटी असते हे तुला आठवत असेल. आजाऱ्याचं नाव असो की प्रभूमध्ये निजलेल्याचं, चिठ्ठी लिहून टाकायची, पाळक प्रार्थनेत ते घेतात. मला दोन नावं द्यायची होती. दोन नावांना दोन कागद कशाला फाडायचे, म्हणून मी एकच चिठ्ठी केली, पाठपोट. एका बाजूला बारीक अक्षरात ‘आजारी’ आणि यांचं नाव. दुसऱ्या बाजूला ‘स्मरण’ आणि कोणाचं नाव ते तू ओळखलंसच, त्याच्याकडे येतेच. शाई स्वस्तातली. ती फुटून इकडची अक्षरं तिकडे उमटली, आजाऱ्याची बाजू कुठली नि स्मरणाची कुठली ते कळेना. त्यातून आपले पाळकसाहेब रजेवर आणि बदली आलेला पाळक तरुण, नवखा, इथल्या कोणालाही न ओळखणारा.

तर काय झालं असेल सांग. यांचं नाव मृतांच्या यादीत वाचलं जाणार हे मला क्षणभर आधीच कळलं होतं. कसं, ते पुढे. पण भर उपासनेत उठून ओरडावं कसं? सगळी मंडळी उभी राहिली, माना खाली. हेही उभे राहिले, मान खाली. गेलेल्यासाठी उभं राहणं ही रीत, आणि यांचं लक्ष होतंच कुठे? तरुण पाळकाने मोठ्या भक्तिभावाने यांचं पूर्ण नाव घेतलं आणि आभार मानले, की या भावाची धावपळ संपली, तो विसाव्याला गेला. पुढच्या बाकावर वरच्या सुरात गाणाऱ्या शिंपीणबाईंनी जो हंबरडा फोडला! माणूस हातभर अंतरावर उभा आहे, पण त्यांनी मागे वळून बघायचे कष्ट घेतले नाहीत, रडण्यात खंड पडला असता ना. आणि आपले घंटाकाका! त्यांना सूचना आधी कळते, अर्थ मागाहून. नाव ऐकलं, थेट मागे गेले आणि दोरी ओढली. मेलेल्या माणसासाठी वाजते तशी संथ घंटा. टण्. थांबून पुन्हा टण्.

तेव्हा यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे, मागेपुढे वळवून. आणि धाकटे, त्या फाटक्या गळ्यातून, कुठून आणला देव जाणे, यांनी जो ‘आमेन’ म्हटला तो जुना, पाया खणणारा. फळी थरथरली. सगळं देऊळ वळून बघायला लागलं. शिंपीणबाई रडता रडता किंचाळल्या. पाळकाच्या हातातला कागद खाली पडला, आणि हे हसायला लागले. कितीतरी दिवसांनी. मग मंडळी हसली, पाळक माफी मागता मागता हसला, आणि घंटा वाजतच होती, कारण काकांना थांबवायला कोणी गेलंच नव्हतं.

घरी परतताना हे भरभर चालत होते. म्हणाले, घंटा झाली, उभं राहणं झालं, मी बेसूर गातो म्हणणारी बाई माझ्यासाठी ढसाढसा रडली. ज्याला भीत होतो ते सगळं उरकलं, तेही फुकटात, तुझा एक पैसा गेला नाही. आता आवाज गेला तर जाऊ दे. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला तारीख विचार. दुपारी ताटावर बसलो तर यांनी हात जोडले. प्रार्थना मोठी नव्हती. म्हणाले, प्रभो, मी अजून आहे, आभार. आणि झाकण स्वतःच काढलं.

पुढचं तुला माहीत आहे. आवाजाचं म्हणशील तर शाफ्टला धक्का लागला. खर्ज गेला तो गेलाच. आता कानस घासल्यासारखं बोलतात, तेही हळू. पण मागच्या बाकावर पुन्हा बसतात आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरतात. गाणारी मंडळी म्हणतात, पाया दिसत नाही पण आहे. सगळा संसार हे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे आणि मी चुलीपासून ओरडून उत्तर द्यायचे, यातच गेला. आता काही सांगायचं तर यांना माझ्यापर्यंत यावं लागतं. याला तोटा म्हणू की नफा, ते अजून ठरवलं नाही.

आता ते, जे लिहायला म्हणून हा एवढा कागद भरला. पुस्तकात तुझी ओळ होती: ताई, हे तुझ्याकडे चालतं, माझ्याकडे चाललं नाही, तिकडेच राहू दे. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तापाच्या त्या दिवसांत मास्तरांच्या उशाशी तू हेच पुस्तक उघडून बसली होतीस, हे मी विसरले नाही. तुझे का गेले आणि माझे का राहिले, मला ठाऊक नाही. माझ्या मॅट्रिकच्या अभ्यासात ते नव्हतं, आणि पाळकसाहेबांच्याही अभ्यासात नसावं. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या रविवारी आजाऱ्यांची प्रार्थना आधी झाली आणि तिच्यात मास्तरांचं नाव घेतलं गेलं. अख्ख्या मंडळीने डोळे मिटून मागितलं, की प्रभो, या आमच्या भावाच्या वेदना काढ, त्याचा ताप उतरू दे, त्याला शांत झोप लागू दे, त्याला धरून उभा कर. तोंडावर आलं, की अहो, थांबा, ते गेले. आणि ते तसंच तोंडात राहिलं. कारण मला वाटलं, यातलं काय मिळायचं राहिलं आहे त्यांना? दुखतंय का आता? ताप आहे का? ज्याला आपण हरवला म्हणतो त्याच्यासाठी एवढी माणसं मागतायत आणि एकही शब्द वाया जात नाहीये. मग तोच कागद पाळकाच्या बोटांत उलटला. मला कळलं आता यांचं नाव येणार, आणि मला भीती वाटली नाही गं. ही बाजू काय नि ती बाजू काय, कागद एकाच हातात होता. मी मनात म्हटलं, प्रभो, कोण कुठल्या यादीत ते तुझं तू बघ, मी भाव करायचं सोडलं. घसा तेव्हा तसाच होता, गाठ तशीच होती, हे ऑपरेशनला तयारसुद्धा नव्हते. तरी जे निवांत वाटलं ते तेव्हाच, काही मिळायच्या आधी. म्हणून माझ्याकडे चाललं म्हणून मला शांती आली, असं नको समजूस. ती मला तुझ्या मास्तरांच्या नावातून आली, आणि ती एकटीने ठेवून घ्यायला मला लाज वाटते.

आईचं पुस्तक मी माझ्या फळीवर ठेवलेलं नाही. आपल्या दोघींच्या फ्रॉकच्या उरलेल्या कापडाचं तिने घातलेलं ते कव्हर एका कडेला उसवलं होतं, तेवढं शिवलं आणि तू इथे आलीस की झोपतेस त्या पलंगाशेजारच्या खणात ठेवलं. तू त्यातलं काही म्हणावंस असं मी म्हणत नाही. नुसती ये, झोप, खण उघडू नकोस हवं तर. परत पाठवावं का म्हणून यांना विचारलं, तर माझ्याजवळ येऊन त्या घासक्या आवाजात म्हणाले, पोस्टाने मुळीच नको, वजनाचे पैसे तिला पडतील. तिला म्हणावं, तिकीट काढ आणि स्वतः घेऊन जा, माझ्या वर्षाच्या स्मरणाआधी. बघ, जिभेला काही धक्का लागलेला नाही. कधी येतेस ते उलट टपाली कळव. एक ओळ पुरे. रागाची असली तरी चालेल, पण तिकिटं पुरेशी लाव.

तुझीच,
थोरली