तीनपट क्लोरीन

१ एप्रिल, मंगळवार
मुलाचा, रसेलचा फोन. त्याची इमोजेन गुड फ्रायडेला माझ्याकडे येणार, चार दिवस राहणार. नात मेलबर्नला शिकते, इथून तीन तास. दोन वर्षं फिरकलेली नाही. कारण मी, असं सगळ्यांचं मत. मागच्या खेपेला ती झोपली असताना मी तिच्या फाटक्या जीन्सचे दोन्ही गुडघे शिवून ठेवले. घरात तपकिरी दोरा होता, म्हणून तपकिरी. ती मुद्दाम फाडलेली महागडी जीन्स होती हे सकाळी कळलं. रडली आणि निघून गेली.
माफी मागणार नाही. शिवण उत्तम होती. मात्र तिला आवडतं तसं रंग उडालेलं, जुनाट दिसणारं डेनिमचं जॅकेट स्वतः करून देणार. शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. एका बाटली ब्लीचचा प्रश्न.

३ एप्रिल, गुरुवार
आज ऑप शॉपमध्ये पाळी. लोकांनी देऊन टाकलेल्या कपड्यांच्या पिशव्या मी आणि ग्लेनिस निवडतो, चर्चसाठी विकतो. दुकान उघडण्याआधी आपल्यापैकी कोणी स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, हा नियम माझाच. एक जॅकेट टोप्यांखाली ठेवलं आणि दुकान उघडल्यावर एका मिनिटाने विकत घेतलं. ग्लेनिसने घड्याळाकडे पाहिलं. नियम मोडलेला नाही.

६ एप्रिल, रविवार
अर्धा तास बुडवलं. पांढरं व्हायचं ते पिवळं झालं. हल्ली कापडात ताणणारा धागा घालतात, तो पिवळा पडतो. दोष कापडाचा. बादली मोरीत ओतली.

८ एप्रिल, मंगळवार
दुसरं जॅकेट. शंभर टक्के सुती, लेबल वाचून घेतलं. ब्रशने ब्लीच शिंपडलं. ठिपके हवे होते, पाठीवर टास्मानिया बेटाचा नकाशा आला. ग्लेनिस म्हणाली, टास्मानियाच्या माणसाला विकू. तिला विचारलं नव्हतं.
तीही बादली मोरीत.

१० एप्रिल, गुरुवार
बाटलीतलं ब्लीच मिळमिळीत असतं. पोहण्याच्या तलावात घालतात ते क्लोरीन आणलं, मोठा डबा. तीनपट तीव्र, म्हणून वेळ एक तृतीयांश. साधं त्रैराशिक. तिसरं जॅकेटही घेतलं.
डबा गाडीत ठेवताना डुगल भेटला. माझा विद्यार्थी, आता पन्नाशीचा. गावातले सेप्टिक टँक उपसतो. म्हणाला, बाई, हे मोरीत ओतू नका, टाकीतले जिवाणू मरतील, मग घाण पचवणार कोण? दहावीत रसायनशास्त्रात दोनदा नापास झालेला. आभार मानले.

१२ एप्रिल, शनिवार
यश. दहा मिनिटांत आभाळासारखा रंग. दोनदा खळबळून वाळत घातलं. पाहुणे येणार, मोरी स्वच्छ हवी, म्हणून उरलेलं क्लोरीनही तिथेच ओतलं.

१५ एप्रिल, मंगळवार
इस्त्री करताना डावी बाही हातात आली. धुतलं की क्रिया थांबते असं धरून चालले होते. मुलांना मी नेमकं उलट शिकवायची. दुसरीही बाही कापली. बिनबाह्यांचं चालतं हल्ली.
घरात वास. छपरात राहणारा मांजराएवढा पॉसम मेला असावा.

१७ एप्रिल, गुरुवार
शिडी लावून पाहिलं. पॉसम नाही. संडासातलं पाणी खाली जात नाही, वर येतं. डुगलला फोन केला. तो बोट घेऊन नदीवर गेलाय, मंगळवारी येणार. ईस्टरच्या सुट्टीत दुसरा कोण मिळणार?
वास झाकायला दालचिनी घालून बन भाजले. आता दालचिनी आणि गटार, दोन्हींचा येतो.
जॅकेट विरून गेलं, कॉलर आणि एक खिसा शिल्लक.

१८ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळ
इमोजेन अकराला आली. तीच जीन्स घालून. गुडघ्यांवर माझी तपकिरी शिवण, एक टाका उसवलेला नाही.
कॉलेजात सगळ्या विचारतात म्हणे, कोणी केलं. मैत्रिणींच्या तीन फाटक्या जीन्स घेऊन आली होती. अश्शाच शिवून हव्यात, तपकिरीच दोरा. चार दिवसांत होतील ना, आजी?
होतील म्हटलं. मग दोन वर्षं का आली नाहीस, असं विचारलं. विचारायचं नव्हतं.
"तू बोलावलंच नाहीस, आजी. बाबा म्हणाले, तू अजून चिडलेली आहेस."
तेवढ्यात तिने नाकाला बाही लावली. टेबलावरचं निळं काय आहे म्हणाली. फडकं, म्हटलं. बाथरूमला जायचं होतं, तर मला तिला पेट्रोल पंपावर पाठवावं लागलं. जाताना जीन्सची पिशवी घेऊन गेली, वास लागेल म्हणून. तिथूनच फोन आला: परत निघालेय आजी, तुझं दुरुस्त झालं की बघू.
एकूण चाळीस मिनिटं. बन खाल्ला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
डुगल आला, टाकी उपसली. आत डोकावून म्हणाला, बाई, खाली काही जिवंत नाही. मी सांगितलं होतं, असं म्हणाला नाही. मी त्याच्या जागी असते तर म्हटलं असतं.
मी काय करू, विचारलं. यीस्ट घालू? दही?
"काही करू नका, बाई. काही ओतू नका. आपले आपण परत येतील."
किती दिवसांत?
ते सांगता येत नाही म्हणाला.
वहीत लिहून घेतलं: काही करायचं नाही. दुपारी तपकिरी दोऱ्याची तीन रिळं आणली. हे त्यात धरत नाही.