उकळायचं नाही

नागाव, मंगळवार, ता. ३ डिसेंबर

ती. धर्मामामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. फोन सोडून कागद खरडतोय, कारण माझा फोन मांडव्याच्या जेटीखाली समुद्राच्या तळाशी आहे. एका पाहुण्याने ऐनवेळी आमच्याकडची खोली रद्द केली आणि वर मलाच शहाणपण शिकवायला लागला. मी रागाने फोन जमिनीवर आपटायला गेलो, पण खाली जमीनच नव्हती. आईचा मागितला, तर हा पण मासळीला घालायचाय का, असं विचारून तिने तो कमरेला खोचला. म्हणून हे पत्र. आपला विनेश रेवसच्या लाँचवर असतो, तो करंजाला उतरून तुमच्यापर्यंत पोचवेल.

आता खरी बातमी. कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा, निदान चार चाकांवर तरी टिकून बस, असं म्हणून तुम्ही जी जीप मला दिलीत, ती उकळली. त्यात शहाळ्याचं पाणी घातलंय.

सांगतो. रविवारी मांडव्याहून घरच्या पाहुण्यांसाठी शहाळी घेऊन येत होतो. बोटीने मुंबईहून आलेली जागृती शेजारच्या सीटवर होती. जागृती म्हणजे अनंताकाकांची मुलगी, किनाऱ्यावर बोटींच्या तिकिटांचा काउंटर सांभाळते ती. तिच्याबद्दल मामी माझ्याकडे बघून हसते, तेव्हा मी चिडतो, ती. चोंढीला गाड्यांची ही रांग! उभ्या उभ्या इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल घरात गेला. समोर सखुबाईचं सरबताचं दुकान, दारात नळ. पण त्याआधीच्या आठवड्यात तिने मला कॉलेजातून पळालेला म्हटलं होतं आणि मी तिच्या सरबताला साखर लावलेलं समुद्राचं पाणी म्हटलं होतं. मी काय तिच्या दारात जाणार? जागृती म्हणाली, नळ समोर आहे, मी आणते. मी म्हटलं, मर्जी माझी, गाडी माझी. आणि कोयता काढून एकेक शहाळं रेडिएटरमध्ये रिकामं केलं. त्यातलं एक ती शांतपणे प्यायली.

सोमवारी बॉनेटवर मुंग्यांची रांग लागली. आज गाडी वाडीच्या फाटकाशीच उकळली आणि आळीभर नारळाच्या वड्या करपल्याचा वास सुटला. शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या होत्या.

आणि कळस ऐका. अनंताकाकांनी विचारलं, रविवारी आमचे पाहुणे मांडव्याहून आणशील का? मी छाती काढून हो म्हटलं. मग कळलं की पाहुणे जागृतीला बघायला येतायत.

काय करू ते लगेच कळवा. मामीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ तरी आटू देऊ नका.

आपला,
निकेश


उरण, बुधवार, ता. ४

चि. निकेशला,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे माझ्या जीपला.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. शहाळ्यापाशी आली आणि तिथून पुढे तिला वाचवेना. बाकीचं मी वाचलं. मी या गाडीत गढूळ पाणी घातलंय, एकदा लग्नात अडकलो तेव्हा पंगतीतलं पिंपही ओतलंय, पण शहाळी कोणी पाजली नव्हती. असं कौतुक तर माझ्या सासरीही झालं न्हाय.

साखर आत शिजली, नळ्या बुजल्या, दुसरं काय होणार? नवीन रेडिएटर मागवायचा नाही. आताचे वजनाला हलके, पण बोल्टाची भोकं जुळत नाहीत आणि तू ती हातोड्याने जुळवायला जाशील. आपल्या वरखालच्या टाक्या पितळी हायेत, त्या मला पुरल्या, तुलाही पुरतील. मधली जाळी तेवढी नवी बसवू. आमच्या कंटेनर यार्डाजवळ एक जण ते काम अजून करतो. तू रेडिएटर काढ, गोणीत बांध, विनेशकडे दे. काढताना ओढू नकोस. झाकण गाडी गार असतानाच उघड. तुझं नाक शाबूत हाय की न्हाय तेही कळव, कारण हे सांगायला मला उशीर झालाय असा माझा अंदाज हाय.

आणि मुलगी काय म्हणाली, ते तू लिहिलंच नाहीस. मामी विचारते.

तुझ्या खुशालीची वाट बघणारा,
धर्मामामा


नागाव, गुरुवार, ता. ५

ती. धर्मामामांस,
शि. सा. न. वि. वि.

अंदाज बरोबर. नाकाचं साल गेलंय, कोरफड लावून फिरतोय. आई म्हणते, आता दिवाही लागत नाही, तुझं नाकच चमकतं.

रेडिएटर गोणीत आहे. ओढू नकोस म्हणालात, ते वाचलं होतं. तरी खालचा रबरी पाईप सुटेना म्हणून मी ओढला, आणि पाईप हातात आणि टाकीचं तोंड वाकडं, असं झालं. जाळीच्या पत्र्या तर खाऱ्या वाऱ्याने इतक्या खाल्ल्या होत्या की बोट लावलं तर भाजलेल्या पापडासारख्या गळून पडल्या. मला उगाच वाटत होतं की सगळा दोष शहाळ्यांचा.

मुलगी काय म्हणाली ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. पण काल ती स्वतः फाटकाशी आली. मी जीपखाली, फक्त पाय बाहेर. तिने पायांनाच सांगितलं, रविवारी उकळायचं नाही हं, एवढंच कर माझ्यासाठी. आणि गेली. मामा, याचा अर्थ काय? तिच्या त्या मुंबईच्या होणाऱ्या नवऱ्याला नि पाहुण्यांना गार वारा लागला पाहिजे, एवढीच तिला काळजी! मीच मूर्ख, तिच्यासमोर कोयता परजत होतो. मी ठरवलंय, जाळी कितीही नवी बसवा, चोंढीला गाडी मी मुद्दाम उकळवणार. शहाळी मिळतात अजून. बसू देत सगळ्यांना उन्हात. मग मी त्या मुलाला चार शब्द सुनावणार. कोणते ते अजून ठरवलेलं नाही.

माझ्या डोक्याची नसली तरी गाडीची काळजी घ्या.

आपला,
निकेश


उरण, शनिवार, ता. ७

चि. निकेशला,
अनेक आशीर्वाद.

गोणीतून रेडिएटर पाठवतोय. टाकीचं तोंड सरळ केलंय, जाळी नवी, सगळे जोड कथील लावून झाळलेत. हवा भरून पाण्याच्या टबात बुडवून बघितला, एक बुडबुडा आला न्हाय. पाईप नवे घातलेत, आता ओढायला काही उरलेलं नाही.

बसवल्यावर गोडं पाणी घाल. गोडं म्हणजे शहाळ्याचं न्हाय. तुमच्या वाडीच्या विहिरीचं तर मुळीच नको, ते मचूळ हाय, पितळ खाईल. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू कर. आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येईल, पाणी खाली बसेल, तू पुन्हा भर. बुडबुडे थांबेपर्यंत झाकण लावायचं नाही. तुला हेच जड जाणार, कारण यात करण्यासारखं काहीच नसतं, नुसतं उभं राहायचं असतं.

आता दुसरं. मामीने तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. ती मुलगी म्हणाली, उकळायचं नाही. कोणी? गाडीने, असं ती म्हणाली का? की गाडीखाली जो पाय पसरून पडला होता त्याने? तूच पुन्हा वाच, तूच लिहिलंयस. तुझ्या वर्गातून तू तडकून कसा बाहेर पडलास, फोन कुठे गेला, सखुबाईचं काय झालं, हे सगळं गावाला ठाऊक हाय. तिच्या बापाला पण हाय.

मामी सांगते, एवढं कळत नसेल तर खरंच शहाळीच विक.

लोभ आमचा उतू जाईल इतका आहे, तू जाऊ नकोस.

धर्मामामा


नागाव, सोमवार, ता. ९

ती. धर्मामामांस आणि कमळमामीस,
शि. सा. न. वि. वि.

मामी, तुमच्या पायांवर डोकं. मी तीनदा वाचलं आणि जीपखालीच जाऊन लपावंसं वाटलं.

रविवारी पाहुणे उतरले. मुलगा, त्याचे काका, आणि एक आत्या. तो मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं. चांगला निघाला, बॉनेट उघडून दाखव म्हणाला. आत्याने मात्र सीटवर रुमाल अंथरला आणि मला विचारलं, ड्रायव्हर, कितवी शिकलास? जिभेवर आलं होतं, मामा. काट्याकडे बघितलं. काटा मधोमध. मी म्हटलं, शेवटचं वर्ष राहिलंय. पुढे चोंढीच्या रांगेत मुलाच्या काकांना तहान लागली, म्हणजे थांबायचं कुठे, तर सखुबाईकडेच. ती माझ्या नाकाकडे बघत राहिली. मी सरबत मागितलं, चांगलं आहे म्हटलं. खरंच चांगलं होतं. तिने बिचारीने तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

त्यांच्या घरी मी अंगणात जीपमध्येच बसलो. आतून सगळं ऐकू येत होतं. कांदेपोहे झाले, आणि जागृतीने सरळ सांगितलं की मुलगा छान आहे, पण माझं मन दुसरीकडे आहे. आत्याने विचारलं, कुठे? तिने माझं नाव घेतलं. आत्या म्हणाली, तो ड्रायव्हर? मग अनंताकाकांचा आवाज चढला. तो कॉलेजातून पळालेला, समुद्रात फोन टाकणारा, दोन दिवस कुणाशी नीट न वागणारा, असं काय काय. सगळं खरं. तरी माझं रक्त, तुम्हाला माहीत आहे. एरवी मी दारात जाऊन उभा राहिलो असतो आणि काकांचा एकेक शब्द खरा करून दाखवला असता. मी स्टिअरिंग धरून बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. बुडबुडे मोजत होतो म्हणा.

मग पाहुण्यांना बोटीवर सोडायला निघालो, तर अनंताकाकाही पुढे येऊन बसले. जाताना मुलाने माझा हात हातात घेतला. परत येताना आम्ही दोघेच. चोंढीला पुन्हा रांग. काका ना माझ्याकडे बघत, ना रस्त्याकडे, नुसते काट्याकडे. वाट बघत होते, मला कळत होतं. रांग सुटली तेव्हा म्हणाले, काटा हलत न्हाय रे. मी म्हटलं, मामांनी जाळी नवी बसवली. ते म्हणाले, मी गाडीचं बोलत न्हाय.

नागाव आलं. उतरताना दार धरून म्हणाले, परीक्षेचा अर्ज भर. आणि गुरुवारी संध्याकाळी घरी ये. येताना मामाला घेऊन ये.

मामा, मी पुन्हा पुन्हा तपासलं. या वाक्यात तरी दुसरा काही अर्थ निघत नाही ना? मामीला विचारून कळवा.

लोभ वाढवायला स्वतःच यावं.

आपला,
निकेश


उरण, मंगळवार, ता. १०

चि. निकेशला,
अनेक आशीर्वाद, या खेपेस सगळे तुलाच.

दुसरा अर्थ न्हाय. मामीने वाचलं आणि पदर डोळ्याला लावला, मी मात्र यार्डात जाऊन उगाच दोन ट्रेलरवाल्यांवर ओरडून आलो.

गुरुवारी दुपारच्या लाँचने आम्ही दोघं येतोय. रेवसला जीप घेऊन थांब. मी अनंतापुढे काय बोलायचं ते कालपासून जुळवतोय, एक वाक्य धड जमत नाही, घाम फुटतो. तिथे माझाच काटा वर गेला तर मला बाहेर अंगणात ने आणि डोक्यावर पाणी ओत.

साधं पाणी, निकेश.

तुझा,
धर्मामामा