घशातला उजेड

प्रिय धाकटे,

आधी खाली बस. उभ्याने वाचू नकोस, मी स्वतःच अजून सावरले नाहीये. दोन-तीन महिन्यांपूर्वी घसा बसला म्हणून दाखवायला गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर. स्वरयंत्रावर, अगदी सुरुवातीचा. मी हसलेच गं! जन्मभर नाटकाच्या विंगेत उभी राहून नटांना पुढची वाक्यं कुजबुजणारी मी. कधी कुणावर ओरडले नाही, तुझे भाओजी सोडले तर. मग माझ्याच घशाला का? अजून डोकं सुन्न आहे.

उपाय ऐकून तर मी आ वासून बघतच राहिले. शिरेतून औषध द्यायचं, ते गाठीत मुरलं की तोंडातून नळी घालून नेमका तिथेच लेझरचा लाल उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि गाठीला मारतं. कापाकापी नाही, आवाज वाचण्याची आशा. मला तेवढंच ऐकू आलं. लगेच हो म्हणाले आणि तो लाल उजेड घेऊन घरीही आले.

मात्र औषध अंगभर भिनतं, म्हणून काही आठवडे उन्हात जायचं नाही. झालं! भाओजी पडले नाटकाचे लाइटवाले. त्यांनी थिएटरातले काळे पडदे आणून घरभर ठोकले, सगळे दिवे काढले, अगदी फ्रिजमधलासुद्धा. मी चहात मीठ घालून प्यायले. डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. अहो, घरातला साधा उजेड हवाच, त्यानेच कातडीतलं औषध हळूहळू ओसरतं! भाओजी एवढंसं तोंड करून बल्ब लावत फिरले आणि मी पोट धरून हसले.

परवा तपासणी झाली. गाठ गेली नाही गं. उलट खाली सरकलीय. आता स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल म्हणाल्या, आवाज नाही. मी 'बरं' म्हणाले. नुसतं 'बरं'! जसं काही कुणी दूध संपलंय म्हणून सांगितलं होतं. परतताना भाओजींनी माझा हात सोडला नाही.

सोमवारी ऑपरेशन आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण चार वाक्यं बोलले की घसा मिटतो, आणि उरलेला आवाज मला या बातमीवर घालवायचा नाही. म्हणून हे पत्र. काय रडायचं ते आत्ता रडून घे. रविवारी संध्याकाळी मी फोन करेन. तेव्हा आईच्या, आपल्या भांडणांच्या, वाट्टेल त्या गप्पा मारू. आणि मला तुझं नाव मोठ्याने घ्यायचंय, पुन्हापुन्हा. तू फक्त ओ दे.

तुझीच,
ताई